रिचमंडची घळ आणि बिक्सचं कॉर्नेट

इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावात साउथ फर्स्ट स्ट्रीटने खाली उतरलं की व्हाइटवॉटर नदीची घळ लागते. आपल्या शिवथरघळीसारखी काळोखी नाही. रुंद आहे, दोन्ही काठांवर झाडी आहे, मधून पाण्याची बारीक धार वाहते. काठाने पायवाट जाते आणि वाटेत एका जुन्या कारखान्याचा उरलासुरला सांगाडा उभा आहे. विटांच्या भिंतीवर 'जेनेट रेकॉर्ड्स' या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचं चिन्ह रंगवलेलं आहे. ऑक्टोबरातल्या सकाळी मी तिथे पोचले तेव्हा वर गावातून मालगाडी चालली होती. आधी भोंगा, मग रुळांची धडधड, आणि ती धडधड घळीच्या दोन्ही बाजूंवर आपटून दुप्पट झालेली. मोबाइलवर वेळ लावून बघितली. आवाज पूर्ण विरेपर्यंत चार मिनिटं आणि वर दहा सेकंद गेले.

इथे मुद्रित होणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. म्हणजे या एका गाडीखाली एक आख्खी धून बुडाली असती, वर एक मिनिट उरलं असतं. लिऑन बिक्स बायडरबेक नावाच्या जॅझ कॉर्नेटवादकाबद्दल (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं मऊ आवाजाचं भावंड) आजवर जे वाचलं होतं, त्यातलं बरंचसं त्या चार मिनिटांत जागेवर बसलं. या प्रवासात पाच दिवस गेले, दोन राज्यांत थांबणं झालं. लिहावंसं वाटतं ते मुख्यतः या घळीबद्दलच.

१८ फेब्रुवारी १९२४ ला 'वुल्वरीन्स' नावाचा आठ जणांचा बँड सिनसिनाटीहून इथे आला. कॉर्नेटवर बिक्स होता. वय २०, तीन आठवड्यांनी २१ पूर्ण होणार. क्लॅरिनेटवर जिमी हार्टवेल, टेनर सॅक्सोफोनवर जॉर्ज जॉन्सन, ट्रॉम्बोनवर अल गँडी, पियानोवर डिक व्हॉयनाउ, बँजोवर बॉब जिलेट, ट्यूबावर मिन लीब्रुक आणि ड्रम्सवर विक मूर. त्याआधी १९२३ च्या शरद ऋतूत ते ओहायोतल्या हॅमिल्टनजवळच्या स्टॉकटन क्लबात वाजवत होते, आणि त्या वर्षअखेरच्या रात्री तिथे झालेल्या मारामारीनंतर ते काम सुटलं. सिनसिनाटी ते रिचमंड अंतर साधारण ११० किलोमीटर. मी त्याच बाजूने, २७ नंबरच्या रस्त्याने, ऑक्सफर्ड आणि लिबर्टी ही गावं घेत आले. गाडी भाड्याने घेण्यावाचून इलाज नाही. या भागात गाडी न चालवणाऱ्या माणसाला फिरणं जवळजवळ अशक्य करून ठेवलंय, आणि शंभर वर्षांपूर्वी रेल्वेने गजबजलेल्या मुलखात ही स्थिती यावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेनेट ही मुळात पियानोवाल्यांची शाखा. स्टार पियानो कंपनीचा भलामोठा कारखाना या घळीत होता, आणि १९२१ पासून तिथेच एका इमारतीत ध्वनिमुद्रण सुरू झालं. खोली कारखान्याच्या आवारात, रूळ अगदी लगत. गाडी जवळ येण्याचा आवाज आला की काम थांबवायचं. खोलीत पडदे लावून भिंतींचा घुमारा मारला जाई, पण जमिनीतून येणारा कंप पडद्याने अडत नाही. तो थेट कापणाऱ्या सुईपर्यंत पोचतो. वादन कितीही देखणं झालेलं असो, ते मेण फुकट.

मेण म्हणजे काय ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय या जागेला अर्थ नाही. १९२४ साली इथे मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा पत्र्याचा कर्णा बाहेर आलेला असे. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाडजूड चकती. वाजवणाऱ्यांच्या फुंकेनेच हवा हलायची, हवेने पडदा, पडद्याने सुई, आणि सुई मेणात खाच कापत जायची. मध्ये विजेचं काहीही नाही. चकती फिरवायलासुद्धा जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं खाली उतरत जाणारं वजन असे, म्हणजे गती एकसारखी राहते. मेण थंड असलं तर खाच तुटक निघते, म्हणून ते आधी ऊबेत ठेवायचं आणि खोलीही गरम ठेवायची. बाहेर फेब्रुवारीचं बर्फ आणि आत आठ माणसं घामाघूम.

आवाज कमीजास्त करायला बटण नाही. मग काय करायचं? माणसंच पुढेमागे हलवायची. बँजो कर्ण्याच्या जवळ, पियानो शक्य तितका उघडा करून, आणि कॉर्नेट लांब. आदल्या वर्षी, एप्रिल १९२३ मध्ये, किंग ऑलिव्हरचा क्रीओल जॅझ बँड इथेच मुद्रण करून गेला होता. त्यात दुसरं कॉर्नेट वाजवणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगला बाकीच्यांपासून बराच मागे उभं करावं लागलं, कारण त्याची फुंक ऑलिव्हरला झाकून टाकत होती. पियानोवर बसलेल्या लिल हार्डिनने ही हकिकत पुढे सांगितली आहे. ड्रमरची अवस्था सगळ्यांत वाईट. मोठ्या ड्रमचा एक ठोका बसला की सुई खाचेतून उडायची. म्हणून त्याने लाकडी ठोकळे आणि झांज यावर भागवायचं.

आणि आता मुद्दा. त्या कर्ण्याला साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट पकडता यायचा. कॉर्नेटचे मूळ स्वर साधारण १६५ पासून ९३० हर्ट्झपर्यंत. म्हणजे जवळजवळ सगळे त्या खिडकीत बसतात, वर पहिले एक-दोन उपस्वरही, म्हणजे मूळ स्वरासोबत घुमणारे वरचे स्वर, बसतात. ट्यूबाचे मूळ स्वर खिडकीच्या खाली. ते कानाला उपस्वरांवरून ओळखावे लागतात. झांजेची सळसळ खिडकीच्या वर, ती गेलीच. १९२४ च्या या तबकड्यांत ड्रमर खोक्यावर ठोकल्यासारखा ऐकू येतो आणि बिक्स मात्र खोलीत उभा असल्यासारखा, त्याचं निम्मं कारण हे आहे. उरलेलं निम्मं त्याच्या ओठांत होतं. स्वराची सुरुवात तो अशी करायचा की फुंक वाढत वाढत स्वरापर्यंत पोचते असं होत नाही. घंटेवर टोला पडावा तसा स्वर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. मेणाला असा स्वर मानवतो. धूसर सुरुवात मेणात विरून जाते.

त्या दिवशी चार धुना वाजवल्या. दोन पास झाल्या, 'फिजेटी फीट' आणि 'जॅझ मी ब्लूज'. बाकी दोन नापसंत. मेणाची तबकडी वाजवून बघितली की तिच्यातली खाच खराब होते, त्यामुळे नमुना म्हणून कापलेलं मेण ऐकायचं, चूक सुधारायची आणि ठेवायचं मेण न ऐकताच पुढे पाठवायचं. मग त्यावर धातूचा थर चढवून साचा काढायचा आणि त्या साच्याने तबकड्या दाबायच्या. तबकडीचा माल म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. ही लाख आपली. तेव्हा जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जायची. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवरून खरवडलेली. त्या भिंतीसमोर उभी असताना हे आठवलं आणि फार बरं वाटलं.

पायवाटेवर कलावंतांच्या नावाच्या मोठ्या तबकड्या जमिनीत बसवल्या आहेत, काशाच्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांच्या. २००७ पासून त्या बसवत आले आहेत. बिक्सची पहिल्या खेपेतली. आर्मस्ट्राँग, ऑलिव्हर, जेली रोल मॉर्टन, होगी कारमायकल हेही आहेत. ऊन तिरपं असताना जा. माध्यान्हीला तुकड्यांवर इतकी चमक येते की चेहरे ओळखू येत नाहीत. गाडी लावायला पैसे पडत नाहीत. पाऊस पडून गेला असेल तर साधे बूट घालून जाऊ नका, काठ घसरडा होतो. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: याच कारखान्याने पैसे घेऊन कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशती टोळीच्या खासगी तबकड्याही काढून दिल्या. विसाच्या दशकात इंडियानात क्लॅनचा जोर होता. ऑलिव्हरच्या काळ्या वादकांचं संगीत आणि त्या टोळीची गाणी एकाच छपराखाली दाबली जात होती. घळीत फिरताना हेही माहीत असलेलं बरं.

रिचमंडमध्ये मी एकच दुपार ठेवली होती, ती दोन दिवसांची झाली. दोन्ही दिवस जेवण सामान्य, माणसं अतिशय अगत्याची. पायवाटेवर कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी न विचारता रूळ कुठून कुठे जायचे ते काठीने जमिनीवर आखून दाखवलं. असं अगत्य मोठ्या शहरात मिळत नाही.

पुढचे सव्वासहाशे किलोमीटर, आयोवातल्या डॅव्हेनपोर्टपर्यंत: इंडियानापोलिसपर्यंत ७० नंबरचा महामार्ग, तिथून ७४ नंबरचा, मका, मका, कापणी यंत्रांची धूळ, पुन्हा मका.

७४ नंबरचा रस्ता मिसिसिपी ओलांडतो त्या जागी २०२१ च्या डिसेंबरात पूर्ण झालेला नवा पूल आहे, दोन पांढऱ्या कमानींचा. त्यावर चालत जायची वाट आहे. पलीकडच्या बेटनडॉर्फमध्ये गाडी लावा आणि चालत मध्यापर्यंत या. तिथे पायाखाली काच बसवलेली आहे, खाली नदी दिसते. एवढी मोठी नदी उत्तर-दक्षिण वाहते हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. इथे मात्र ती वळून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे आयोवा उत्तरेला आणि इलिनॉय दक्षिणेला. पहिल्या दिवशी माझी दिशाच चुकत होती.

डॅव्हेनपोर्ट हे बिक्सचं गाव. जन्म १० मार्च १९०३, घर १९३४, ग्रँड अव्हेन्यू. (घराचा नंबर सालासारखा आहे म्हणून गोंधळू नका.) दोन मजली लाकडी घर, उतरतं छप्पर, पुढे ओसरी. खासगी मालमत्ता आहे. पदपथावरून बघायचं आणि निघायचं, बेल वाजवायची नाही. समोरच त्याची टायलर शाळा होती. इटालियन दिग्दर्शक पुपी अवाती याने त्याच्यावर चित्रपट काढला तेव्हा हे घर विकत घेऊन त्यात चित्रण केलं. नाहीतर ते आज उभं असतं की नाही कोण जाणे.

गाव जर्मनांचं. श्लेस्विग-होल्स्टाइनमधून आलेल्या लोकांनी भरलेलं. आजोबा कार्ल किराण्याचे घाऊक व्यापारी, वडील बिस्मार्क कोळसा आणि लाकडाच्या धंद्यात, आई अगाथा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. मे १९१८ मध्ये, महायुद्धाच्या भरात, आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंगने फर्मान काढलं: शाळेत, रस्त्यात, आगगाडीत, फोनवर, प्रार्थनेतसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. ज्या गावात गाणं, व्यायामशाळा, वर्तमानपत्र सगळं जर्मनमध्ये चालायचं तिथे एकदम शांतता. बिक्स तेव्हा १५ वर्षांचा होता. त्याच वर्षअखेरीला मोठा भाऊ सैन्यातून परतला, त्याने घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणलं. त्यावर 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड'च्या तबकड्या लागल्या. हाच बँड फेब्रुवारी १९१७ मध्ये जॅझची पहिली तबकडी काढणारा. आपली भाषा गप्प झालेल्या घरात दुसरीच भाषा आली, असं मला त्या पदपथावर वाटलं. हा माझा अंदाज आहे, पण मी तो सोडणार नाही.

तिथून तो शिकला कसा, हे नीट सांगण्यासारखं आहे. आईच्या पियानोवर तो लहानपणापासून कानाने वाजवायचा. सात वर्षांचा असताना गावच्या वर्तमानपत्रात त्याच्यावर मजकूर आला होता. शिक्षक ठेवले, पण शिक्षकाने एकदा वाजवून दाखवलं की हा तसंच्या तसं वाजवायचा, समोरच्या नोटेशनकडे न बघता. कॉर्नेट हातात आल्यावर तर शिक्षकही नाही. यंत्राची गती कमी करायची, त्याच डिक्सीलँड बँडच्या निक लारोकाची कॉर्नेटची ओळ ऐकायची आणि हाताशी येईपर्यंत शोधायची. इथे एक खोच आहे. गती कमी केली की स्वरही उतरतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ७३.६ वर आणली की बरोबर अर्धा स्वर उतरतो. सावकाश ऐकायला मिळतं ते दुसऱ्याच पट्टीत. मग ते मनातल्या मनात मूळ पट्टीत चढवायचं. रोज हे करणाऱ्या पोराचा कान तयार होणारच.

दुसरी गोष्ट बोटांची. कॉर्नेटची नळी साधारण १३८ सेंटिमीटर, ट्रम्पेटइतकीच, पण जास्त वेटोळ्यांत बसवलेली आणि हळूहळू रुंद होत जाणारी. माउथपीसची वाटीही खोल, म्हणून आवाज गोल आणि मऊ. तीन व्हॉल्व्ह. दुसरा दाबला की नळीत साधारण ८.२ सेंटिमीटर वाढतात आणि अर्धा स्वर उतरतो. पहिला दाबला की १६.९ वाढतात, पूर्ण स्वर. दीड स्वर उतरवायचा तर दोन रस्ते: पहिला-दुसरा एकत्र, किंवा तिसरा एकटा. शिकवलेला माणूस पहिला रस्ता धरतो. बिक्सला कोणी सांगितलेलंच नव्हतं, तो कित्येकदा तिसरा एकटाच दाबायचा.

आता फरक बघा. पहिला-दुसरा मिळून २५.१ सेंटिमीटर होतात, पण मूळ नळीवर अचूक दीड स्वरासाठी २६.१ लागतात. एक सेंटिमीटर कमी पडतो, स्वर किंचित चढा लागतो, अर्ध्या स्वराच्या सुमारे दहाव्या हिश्शाने. तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी बहुधा पुरेशी किंवा जरा जास्तच लांब असते, म्हणजे स्वर बरोबर किंवा किंचित उतरा. उरलेलं ओठाने सांभाळायचं. वरच्या सप्तकात तर एकेक स्वर दोन-तीन तऱ्हांनी निघतो आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. दोन बोटांऐवजी एकाने काम झालं की काही ताना सोप्या होतात, काही अवघड. जिथे सोप्या होतात तिथे त्याचं वादन वळतं. इतर कॉर्नेटवाल्यांना त्याच्या जागा जशाच्या तशा घेताना अडखळायला होतं ते यामुळेही. चुकीची बोटं म्हणून याची चेष्टा करणारं लेखन मी वाचलंय, मला ते अजिबात पटत नाही. त्याची बोटं त्याच्या कानाने ठरवलेली होती.

याची किंमतही त्याने मोजली. नोटेशन झटकन वाचता येत नव्हतं. १९२४ च्या अखेरीस डेट्रॉइटच्या जीन गोल्डकेटच्या बँडमध्ये त्याला घेतलं, आणि वाचनाच्या कच्चेपणामुळे लगेच जावं लागलं. पुढे सेंट लुईसला सॅक्सोफोनवादक फ्रँकी ट्रमबाउअरच्या हाताखाली तो बरंचसं शिकला, मग गोल्डकेटने परत घेतलं, आणि १९२७ च्या ऑक्टोबरात तो पॉल व्हाइटमनच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात गेला. या ठिकाणी मला आपले गोव्याचे वादक आठवतात. तिथल्या चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवत. म्हणूनच मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड आणि पुढे हिंदी सिनेमाची वाद्यवृंद-खोली त्यांनी भरून टाकली. अल्दोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे आपला चिक चॉकलेट, ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँगची ढब आणायचा, पण कागद समोर आला तरी त्याचं अडायचं नाही. बिक्सला नेमकी ती शाळा मिळाली नाही.

नदीकाठी जायला हवं, कारण दुसरी शिकवणी तिथली. न्यू ऑर्लिन्सचे वादक घेऊन फिरणाऱ्या स्ट्रेकफस कंपनीच्या आगबोटी इथपर्यंत यायच्या. फेट मॅरेबलच्या बोटीवरच्या बँडमध्ये तरुण आर्मस्ट्राँग होता आणि बिक्सने त्याला इथेच पहिल्यांदा ऐकलं असं सांगतात. लक्लेअर पार्क हा काठावरचा मोकळा भाग. डॅव्हेनपोर्टने नदी दिसत राहावी म्हणून कायमची पूरभिंत बांधलेली नाही. ३० एप्रिल २०१९ ला तात्पुरते बांध फुटले आणि मुख्य पेठेत पाणी शिरलं. वसंतात जाणार असाल तर नदीची पातळी बघूनच राहायची जागा ठरवा.

गावात बिक्सचं नाव सगळीकडे आहे. दर जुलैच्या शेवटच्या शनिवारी 'बिक्स ७' ही सात मैलांची शर्यत होते, १९७५ पासून, ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावरून. हजारो लोक धावतात. १९७२ पासून त्याच्या नावाचा जॅझ महोत्सवही भरतो. तरी कॉफीच्या दुकानात, हॉटेलात, बाजारात दोन दिवसांत त्याचा एकही स्वर कानावर पडला नाही. छापील बनियनवर चेहरा आणि कानात दुसरंच काहीतरी, हे मला खुपलं. सेकंड आणि मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीच्या तळघरात २०१७ मध्ये त्याचं संग्रहालय उघडलं, तिथे मात्र जीव निवतो. लहान आहे, नेटकं आहे, कमीत कमी दोन तास द्या. उघडण्याच्या वेळा आधी विचारून जा. जेवायला इथला पिझ्झा घ्या. कणकेत माल्ट असतं आणि त्रिकोण न कापता कात्रीने लांब पट्ट्या कापतात. शाकाहारी माणसाने आधी बजावून सांगावं, कारण इथे मुख्य मान बडीशेप घातलेल्या सॉसेजचा.

ऐकायचं काय? 'सिंगिन द ब्लूज', ४ फेब्रुवारी १९२७, न्यूयॉर्क. आता मायक्रोफोन आलेला आहे, खिडकी वर चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत उघडलेली. आधी ट्रमबाउअर पूर्ण ३२ मात्रागट (बार) वाजवतो, मग साधारण एका मिनिटाने बिक्स येतो आणि तोही पूर्ण ३२ घेतो. मागे एडी लँगची गिटार. त्या ३२ मध्ये एकही जागा घाईची नाही. मध्यावर एक छोटी तान झपकन वर जाते आणि लगेच पाऊल जमिनीवर. आवाज 'स्वच्छ' केलेली आवृत्ती टाळा. खरखर काढताना वरचे उपस्वरही खरवडले जातात आणि कॉर्नेट रबरी होतं. खरखर राहू द्या, दोन मिनिटांत कान तिला विसरतो.

शेवटची वर्षं मी लवकर उरकते, कारण त्यावर आधीच फार लिहिलं गेलंय आणि दारूच्या कहाण्यांत वादन हरवतं. १९२९ च्या सप्टेंबरात व्हाइटमनने त्याला विश्रांतीसाठी घरी पाठवलं. मग इलिनॉयमधल्या ड्वाइट इथे व्यसनमुक्तीचे उपचार. ६ ऑगस्ट १९३१ ला न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्सच्या सनीसाइडमधल्या घरात न्यूमोनियाने मृत्यू. वय २८. पाच दिवसांनी डॅव्हेनपोर्टच्या ओकडेल दफनभूमीत मूठमाती. घराण्याच्या दगडाजवळ त्याचा साधा दगड आहे. आवार मोठं आणि चढउताराचं, नकाशा आधी मोबाइलवर घेऊन ठेवा. मी विनानकाशा गेले आणि पाऊण तास फिरले.

मी रिचमंड आधी आणि डॅव्हेनपोर्ट नंतर केलं, ते चुकलं. उलटं करा. घर, शाळा, नदी बघून मग घळीत उतरा, कारण तोही तसाच गेला होता. २६ जानेवारी १९२५ ला तो पुन्हा त्या रुळांशेजारच्या खोलीत आला, या वेळी 'बिक्स अँड हिज ऱ्हिदम जगलर्स' या स्वतःच्या नावाच्या बँडबरोबर. ट्रॉम्बोनवर टॉमी डॉर्सी, क्लॅरिनेटवर डॉन मरे, पियानोवर पॉल मर्ट्झ. त्या दिवशी त्याने स्वतःची एक धून मुद्रित केली आणि ती गावाच्या नावाने निघाली: 'डॅव्हेनपोर्ट ब्लूज'. त्या खेपेलाही चार धुना कापल्या आणि दोनच ठेवल्या. नापसंत मेण रंधून गुळगुळीत करायचं आणि पुढच्या बँडसाठी ऊबेत ठेवायचं, अशी तेव्हाची रीत होती.